गोव्यात राहायला आलोय, गाव काही आत घेईना

ओसरी

सल्ला मागणारा धागा काढला की आधी धागाकर्त्यालाच झोडतात, हे इतकी वर्षं इथे वाचून ठाऊक आहे. तरी काढतेय.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि सातवीतली लेक, पुण्याहून बार्देश तालुक्यातल्या एका गावात भाड्याने राहायला आलो. आता दुसरा पावसाळा लागला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, माझं भाषांतराचं काम कुठे बसून केलं तरी होतं. घरमालक परदेशात असतात, घरात माणसांची जाग राहावी एवढीच त्यांची अपेक्षा. व्हिला, स्विमिंग पूल, पार्ट्या असलं काही नाही. कौलारू घर, पुढे बलकांव म्हणजे बसायचा व्हरांडा, मागे विहीर आणि चार माड.

आम्हाला वाटत होतं, गोवा आपल्याला परका कसा असेल? देवळात मराठी आरत्या, जत्रेत मराठी नाटक, वाचनालयात मराठी पुस्तकं, सकाळी दारात मराठी पेपर. चेन्नईला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला भाजीवालीशी बोलण्यापासून सुरुवात करावी लागली. आमची ती पायरी आधीच ओलांडून झाली होती.

प्रत्यक्षात कुणी भांडत नाही, तोंडावर वाईट बोलत नाही. पण मी दुकानात शिरले की चाललेलं बोलणं थांबतं आणि मी पिशवी उचलून बाहेर पडले की पुन्हा सुरू होतं. मासेवाली शेजारणीला टोपलीतले खालचे ताजे बांगडे काढून देते, मला वरचे. गाडी एमएच पासिंगची आहे, तिच्या मागच्या काचेवर धुळीत बोटाने 'गो बॅक' लिहून ठेवलेलं सापडलं. लेकीला वर्गात 'भायली', म्हणजे बाहेरची, हेच नाव पडलंय. चवथीला वाड्यावरची मंडळी घरोघर आरत्या करत फिरली. घुमटांचा, म्हणजे आरतीला वाजवतात त्या मातीच्या वाद्यांचा, आवाज आमच्या फाटकापर्यंत आला आणि पलीकडच्या घरात गेला. गणपती आमच्याकडेही होता. खिरापत करून ठेवली होती.

तर विचारायचं असं की परराज्यात जाऊन राहिलेल्यांनी हे कसं निभावलं? आणि इथे गोव्यातले कुणी असतील तर त्यांनी खरं काय ते सांगावं. साधारण किती वर्षांनी माणूस गावचा होतो?

फाटका_खिसा

पुण्यात बाहेरून आलेल्यांना आपण काय काय म्हणतो ते आठवा आणि शांत झोपा. 'आमचं पुणं असं नव्हतं हो' हे वाक्य मी नाशिकहून येऊन वीस वर्षं ऐकतोय. आता मीही म्हणतो.

सोनटक्का

अहो, त्या निदान मदत मागतायत. लगेच टपली कशाला?

ओसरी, मुलीचं जास्त लागतंय ना मनाला? आमच्या मुलाला हैदराबादला असंच व्हायचं. क्रिकेटने सुटलं. मोठ्यांना क्रिकेट नसतं हीच अडचण.

निवृत्त_बदलीवाला

बँकेत नोकरी, त्यामुळे धारवाड, चेन्नई, इंदूर, भुवनेश्वर सगळीकडे पाणी प्यालोय. कुठेही त्रास झाला नाही. लोकांनी जेवायला बोलावलं, घर शोधून दिलं, बायको बाळंत झाली तेव्हा शेजारणींनी आळीपाळीने डबे दिले. आपण चांगलं वागलं की जग चांगलं वागतं, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना ऐकवत असे.

एकदा धारवाडच्या जुन्या शेजाऱ्याने हसत हसत सांगितलं, "साहेब, तुम्ही तीन वर्षांनी जाणार हे आम्हाला माहीत होतं हो." त्यात सगळं आलं. बदलीवरच्या माणसाचा कुणाला काच नसतो. तो जमीन घेत नाही, मतदार यादीत येत नाही, त्याची पोरं तिथल्या पोरांच्या नोकऱ्यांवर बसत नाहीत. शिवाय बँकेचा माणूस म्हणजे कर्जाच्या अर्जाला उपयोगी. तुम्ही तुमच्या मर्जीने आलाय, कुणाच्या उपयोगाच्या नाही, आणि कधी जाणार ते सांगत नाही. तेव्हा माझा अनुभव तुम्हाला लागू नाही. उगाच कुणी 'गोड बोला, सगळं ठीक होईल' म्हणू नये, म्हणून लिहिलं.

माडाखालचो

ओसरीताई, मी तुमच्याच तालुक्यातला. घरात कोंकणी, शाळा मराठी, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

'आपल्याला परका कसा असेल' हेच इथे सगळ्यात जास्त टोचतं. दिल्लीहून आलेला माणूस पाहुण्यासारखा दबकत तरी येतो. महाराष्ट्रातून आलेला घरच्यासारखा येतो, आणि घरच्यांनी तर बोलावलेलं नसतं. याला इतिहास आहे. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले आणि लगेच वाद पेटला की गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानं जिंकली, सुमारे ३४,००० मतांच्या फरकाने. गंमत म्हणजे भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवाले, तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. माणूस आमचा, पण राज्य वेगळं, असा तो निकाल. आमच्या एका घरात आजोबा फुलाचे आणि काका पानांचे, दोघं कित्येक महिने एका पंगतीला बसले नाहीत. पुढे १९८६-८७ चं भाषेचं आंदोलन. मग १९८७ चा राजभाषा कायदा, कोंकणी राजभाषा आणि मराठीला सरकारी कामात मोकळीक. त्याच वर्षी ३० मे रोजी घटक राज्य. हे सगळं पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. तुमच्या शेजारच्या बलकांवात बसलेली तीच. तुमची मराठी ऐकून त्यांतल्या काहींना आनंद होतो आणि काहींना ते सगळं परत आठवतं. कोण कुठल्या बाजूचा हे तुम्हाला कळणार नाही, तेव्हा विषय काढू नका.

पण खरं सांगू? आताची चीड भाषेची नाही, जमिनीची आहे. गोवा सगळा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यात सह्याद्रीकडचा मोठा पट्टा जंगल आणि अभयारण्यं. २०११ च्या जनगणनेत आम्ही साडेचौदा लाख. तुमच्या पुण्यातली चार-पाच उपनगरं एकत्र केली की आम्ही संपलो. किनाऱ्याकडची मोजकी गावं सगळ्या देशाला हवी आहेत. लॉकडाऊननंतर घरून काम करणारे आले, जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला, आणि पेडणे-बार्देशातली भाडी अशी चढली की गावात जन्मलेल्या पोराला लग्न करून वेगळं राहायला गावात घर मिळत नाही. घरमालक नोव्हेंबर ते मार्च पर्यटकांना देतो आणि उरलेले महिने 'बघू' म्हणतो. दुसरीकडे अर्धी घरं बंद. मालक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला किंवा लंडनला. तुमचेही तसेच असणार.

त्यात नगर नियोजन कायद्याची भानगड. २००६-०७ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' विरुद्ध गोवा रस्त्यावर उतरला तेव्हा सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग २०२३ मध्ये आलं कलम १७(२), नंतर ३९अ. शेतीची, बागायतीची जमीन तुकड्यातुकड्याने सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, जाऊ लागली आणि गावाला कळतं ते डोंगर कापणारा जेसीबी आल्यावर. हे करणारे सगळे बाहेरचे नाहीत, विकणारे आमचेच आहेत. पण विकणारा चुलतभाऊ असतो, त्याच्याशी भांडून कसं चालेल? म्हणून राग तुमच्या गाडीच्या काचेवर.

किती वर्षांनी गावचे व्हाल? होणार नाही. आमच्या वाड्यावर सावंतवाडीकडून आलेलं एक घर आहे. तिसरी पिढी चालू आहे, अजून त्या घराला 'घाट्यांगेर', म्हणजे घाट्यांकडे, म्हणतात. त्या घरातला नातू मात्र गेल्या खेपेला पंच म्हणून निवडून आला, आणि त्याला मतं देणारेही त्याला घाटीच म्हणतात. नावाचा विचार सोडा.

आता एक प्रश्न मला विचारू द्या. तुमच्या घराला मागच्या बाजूला फाटक आहे का? आणि ते उघडं असतं की बंद?

ओसरी

माडाखालचो, राग कसला. इतकं सरळ इथे प्रत्यक्षात कुणी बोलत नाही.

मागे फाटक आहे, विहिरीच्या पलीकडे. लोखंडी, छोटं. आमच्या आधी सहा महिने राहून गेलेल्या मंडळींनी त्याला कुलूप घातलं. किल्ली मालकांच्या माणसाने आमच्याकडे दिली, तेव्हापासून ती खिळ्यालाच आहे. तुम्हाला कसं कळलं?

माडाखालचो

कळलं नाही, अंदाज केला. चार माड आणि मागे विहीर म्हणजे ते भाट, माडांची बागायत आहे, आणि भाटातून वाट असतेच. कुणाची शेतावर जायची, कुणाची देवळात किंवा खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत मुंडकारांची, त्याच्या जागेत राहणाऱ्या कुटुंबांची, घरं असायची, सगळ्यांचं जाणं-येणं एकमेकांच्या अंगणातून. कागदावर ती वाट नसते बहुतेकदा. कोर्टात, मामलेदाराकडे अशी प्रकरणं वर्षानुवर्षं पडलेली आहेत. नवीन मालक येतो, प्रायव्हसी म्हणून चिरेबंदी कुंपण घालतो, कॅमेरा लावतो, आणि सत्तर वर्षांची बाई डोक्यावर भारा घेऊन हमरस्त्याने वळसा घालते. गावाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा अपराध नाही. पार्टीचा आवाज परवडला.

तुम्ही घातलं नाही, पण किल्ली तुमच्याकडे आहे.

कायदेकानू

भावनिक बाजू चालू द्या. मी कोरडी बाजू लिहितो, कारण अर्धे वाद यातूनच निघतात.

देशात कुठेही राहायचा हक्क अनुच्छेद १९(१)(ई) प्रमाणे आहेच, पण तो शेजाऱ्याला ऐकवून कुणाचं भलं झालेलं नाही. गाडी आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. पुण्याच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणा, इथला रस्ता कर भरा, मग तिकडच्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागा. परताव्याला चिकाटी लागते. वारंवार राज्य बदलणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर आहे, पण त्याला सरकारी नोकरी किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेली खासगी नोकरी लागते.

भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिलाय का? मालक परदेशात असला की हे राहून जातं, आणि काही झालं की पहिली चौकशी तुमची. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. तो भरायचा की नाही यावर इथे मतभेद होतील, पण जिथे सर्वसाधारण वास्तव्य तिथेच नाव असावं हा कायदा आहे.

मुलीच्या पुढच्या दृष्टीने: गोवा सरकारच्या नोकऱ्यांना साधारणपणे १५ वर्षं वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान लागतं, मराठीचं असल्यास उत्तम. राखीव प्रवर्गात असाल तर स्थलांतरानंतर नव्या राज्याच्या नोकरीत त्या राज्याचं आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या बीर सिंग निकालानंतर यात शंका उरलेली नाही. आधी माहीत असलेलं बरं.

तलवार_म्यान

इतकं घाबरून राहायचं कारण काय? गोवा मराठीच होता आणि आहे. विलीनीकरण झालं असतं तर हा भायले-घाटी प्रकारच उरला नसता. कोंकणी ही मराठीचीच...

माडाखालचो

@तलवार_म्यान, बघा ओसरीताई, हा नमुना. हेच वाक्य इथल्या दुकानात कुणीतरी तुमच्या आधी बोलून गेलेलं असतं आणि पुढचे बांगडे तुम्हाला वरचे मिळतात.

फाटका_खिसा

धाग्याचा १९६७ होणार. चहा ठेवतो.

शेवंती

मी वेंगुर्ल्याची, लग्न करून फोंड्याकडे आले. म्हणजे मीही बाहेरचीच, पण सून असल्याने मला सवलत मिळाली. भाड्याने येणाऱ्यापेक्षा सुनेचं सोपं असतं, सासूच तिची ओळख करून देते, मग ती ओळख कशी का असेना.

चवथीबद्दल सांगते. आमच्या वाड्यावर तरी आरतीला कुणी कुणाला बोलवत नाही, पहिल्या घरापासून सगळे निघतात आणि जो सोबत चालत असेल त्याचं घर आपोआप वाटेत येतं. तुम्ही खिरापत करून घरात वाट बघत राहिलात, ते समजू शकते, पुण्यात बोलावणं लागतं. पुढच्या वर्षी नवऱ्याला आणि मुलीला पहिल्या घरी पाठवा. आरत्या मराठीतच आहेत, पण चाल वेगळी, घुमट-शामेळवर संथ चढत जाते. मुलीला कांसाळें, म्हणजे झांज, हातात मिळालं तर तिने नाही म्हणू नये. चुकली तरी कोणी काही म्हणत नाही, मुलं चुकूनच शिकतात.

देवळाबद्दल एक जपा. दर्शनाला, जत्रेला, सप्ताहाला कुणी अडवणार नाही. पण इथली देवस्थानं महाजनांची असतात, म्हणजे ठरलेल्या कुळांची, आणि त्याची पोर्तुगीज काळापासूनची नियमावली आहे. 'मी समितीत येऊ का, हिशोब बघू का, वेबसाइट करून देऊ का' असं उत्साहाने विचारायला जाऊ नका. आमच्या इथे एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं होतं. चांगल्या मनाने. अजून सांगतात लोक.

मासेवालीचं सोपं आहे. तुम्ही बहुतेक भाव विचारून, बघून, पुढे जाता आणि कधी घेता कधी नाही. रोज थोडं घ्या, एकीकडूनच घ्या, सोमवारी उपास म्हणून नको असेल तर आदल्या दिवशी सांगा. म्हणजे ती तुमच्या दारात उगाच थांबत नाही.

निवृत्त_बदलीवाला

शेवंतीताईंचा मासेवालीचा मुद्दा अगदी. रोजच्या ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी दिसणं, बाकी काही नाही. इंदूरला मी पोह्यांच्या गाडीवर काहीही न बोलता वर्षभर उभा राहिलो, मग एक दिवस एकाने पेपरातलं शब्दकोडं माझ्याकडे सरकवलं.

माडाखालचो

एक राहिलं. फाटका_खिसा यांनी सुरुवातीला टपली मारली, त्यात तथ्य आहे आणि ते आमच्यावरही उलटतं. माझे आजोबा मुंबईत धोबीतलावला आमच्या गावच्या कुडीत राहिले. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाचा क्लब, बोटीवर नोकरी मिळेपर्यंत पोरांनी पेटी ठेवून राहायचं. मुंबईने त्यांना ठेवून घेतलं. तेव्हा गोंयकाराने स्थलांतरावर फार नाक मुरडू नये, असं मी घरात म्हणतो आणि बोलणी खातो. माझी आई म्हणते, ते मुंबईत खोली घेऊन राहिले, त्यांनी मुंबईतल्या कुणाची विहीर बुजवून स्विमिंग पूल केला नाही. आईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ओसरी

थोडं कळवायचं आहे.

मालकांशी फोनवर बोलले. त्यांना कुलपाचं माहीतच नव्हतं, उलट विचारलं की मग फलाण्याची आजी शेतावर कुठून जाते? कुलूप त्याच दिवशी काढलं. दोन दिवस कुणीच आलं नाही, फाटक नुसतं वाऱ्याने वाजत होतं. मग एक म्हातारे गृहस्थ कोयता घेऊन आले, विहिरीपाशी थांबले, आत वाकून बघितलं, काही न बोलता पलीकडून निघून गेले. आता तीन-चार बायका रोज जातात. माझ्याकडे अजून बघत नाहीत. काल एकीने चालता चालता सुनावलं की रहाट गंजलाय, तेल घालायला काय होतं, आणि विहिरीत पानं कुजलीत, उपसा करून घ्या. पावसाआधी करायचा असतो म्हणे. कुणाला बोलवायचं ते सांगाल का विचारलं तर नाव सांगून पुढे गेल्या.

दुसरं, रविवारी ग्रामसभेला गेले. माझं नाव यादीत नाही, त्यामुळे मागे नुसती बसले. पंचायतीच्या हॉलमध्ये उकाडा, पंखे फिरतायत पण वारा नाही, बाहेर स्कूटरची रांग. सगळी सभा एकाच विषयात गेली: डोंगराच्या उतारावर मंजूर झालेल्या घरांचा प्रकल्प. एक तरुण मुलगा सर्व्हे नंबरांचे नकाशे मोठे छापून घेऊन आला होता, बोट ठेवून दाखवत होता की झरा कुठून येतो आणि स्विमिंग पूल कुठे आहेत. एक बाई उठल्या, म्हणाल्या, आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, त्यांच्या इतक्या पूलांना कुठून देणार ते लिहून द्या. सचिव लिहीत होते. सरपंच सारखे 'वरून मंजूर झालंय' म्हणत होते. मी तिथे बसले असताना मागून कुणीतरी म्हणालं, त्यांच्यातलीच एक आलीय ऐकायला.

आता माझी अडचण अशी. मला त्या बाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. फॉर्म ८ भरून पुढच्या सभेत हात वर करावा असं वाटतं. नवरा म्हणतो, आपण भाड्याने राहणारे, आपण कशाला मध्ये.

कायदेकानू

हात वर करायला नाव यादीत हवं. भरा.

शेवंती

भरा, पण पहिल्या सभेत बोलू नका. नुसतं मत द्या. बोलणाऱ्या बाहेरच्या माणसाला दोन्ही बाजू धरतात, बिल्डरची माणसं 'ही कोण सांगणारी' म्हणतात आणि गावही तेच म्हणतं.

माडाखालचो

मी थोडा वेगळा. बोलायला हरकत नाही, पण आमच्या वतीने बोलू नका. इथे येऊन गोवा वाचवायला निघालेले बाहेरचे पुष्कळ आहेत. स्वतः शेताला लागून बंगला बांधतात आणि पुढच्या बंगल्याविरुद्ध सह्या गोळा करतात. माझ्या मागून दार बंद करा, असा तो प्रकार. तुम्ही भाड्याने, जुन्या घरात, बांधकाम केलं नाही, ही तुमची जमेची बाजू. तुमच्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोला. उताराखाली तुमची विहीर येत असेल तर ते तुमचंच दुखणं आहे आणि त्याला कुणी बाहेरचं म्हणू शकत नाही. आणि त्या नकाशेवाल्या पोराला छपाईचे पैसे विचारा. तो स्वतःच्या खिशातून करत असणार. शंभर-दोनशे दिलेत तर नाव सांगू नका, पावती मागू नका.

सोनटक्का

लेकीचं काय झालं ते सांगा ना.

ओसरी

लेकीला वर्गात अजून भायलीच म्हणतात. पण ती आता हाक मारल्यावर 'कितें?' असं इतक्या जोरात विचारते की वर्गशिक्षिकांनी चिठ्ठी पाठवली. कोंकणीच्या पेपरात माझ्या अपेक्षेपेक्षा बरे गुण आहेत, शुद्धलेखनात मराठी घुसतं तिथे गेले. घुमट शिकायचं म्हणतेय. वाड्यावर एक काका शिकवतात, त्यांच्याकडे कुणाची ओळख घेऊन जायचं की नुसतं जायचं?

शेवंती

नुसतं जायचं. संध्याकाळी, आरतीच्या सुमाराला. नारळ नेला तरी चालेल, नाही नेला तरी चालेल.

समुद्रवेडा

मस्त माहितीपूर्ण धागा. आम्हालाही बार्देशात छोटा प्लॉट घ्यायचा आहे, फक्त वीकेंडला यायला. जिथले लोक त्रास देत नाहीत असं एखादं गाव सुचवा ना.

माडाखालचो

वरचं वाचून विचारताय की न वाचता?

समुद्रवेडा

वाचलं हो, म्हणूनच विचारतोय.

कायदेकानू

झोनिंग दाखला, फॉर्म एक-चौदा (इथला सातबारा), आणि प्लॉटमधून वाट जाते का ते स्वतः सकाळी सहा वाजता जाऊन बघा. एजंट दुपारी दाखवतो.

ओसरी

समुद्रवेडा, प्लॉटसाठी वेगळा धागा काढा कृपया. मला अजून विहीर उपसणाऱ्याचा फोन लागत नाहीये. माडाखालचो, तुमच्याकडे म्हापशाकडचा कुणी असेल तर सांगा. रहाटाला कुठलं तेल घालतात तेही.

माडाखालचो

खोबरेल नको, मुंग्या लागतात. गॅरेजमधून जुनं इंजिन ऑइल आणा, पण थेंब विहिरीत पडता कामा नये, खाली फडकं बांधा. माणूस विचारून सांगतो. तो पावसात येणार नाही, आता चवथीनंतरच.